इंटर्नशिप आणि ओजेटी: ठाणे-नवी मुंबईच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या प्लेसमेंट सेलमध्ये दर वर्षी जे प्रश्न कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत शिकणारी, डोंबिवली-कळव्यापासून पनवेलपर्यंत राहणारी मुलंमुली डोळ्यांसमोर होती. ज्याला जो प्रश्न पडलाय त्याने तो वाचावा. पैसे मागितले जाण्याबद्दलचा मात्र सगळ्यांनी वाचावा, आणि जमलं तर घरच्यांनाही वाचून दाखवावा.

ओजेटी आणि इंटर्नशिप एकच ना?

ऑफिसात बसल्यावर एकच. कॉलेजच्या कागदांत मात्र फरक आहे. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात ऑन जॉब ट्रेनिंगला 4 क्रेडिट्स आहेत आणि एका क्रेडिटला 30 तास, म्हणजे एकूण 120 तास. पदवीला ते साधारणपणे सहाव्या सेमिस्टरला येतं, एमए-एमएस्सी-एमकॉमला पहिल्या वर्षाच्या दुसऱ्या सेमिस्टरला. दिवसाचे सहा तास धरले तर वीस दिवसांत संपतं.

जागा पक्की करण्याआधी विभागातल्या मार्गदर्शक शिक्षकांची मान्यता घ्या. दर वर्षी दोन-चार जण आधी काम उरकतात, मग सर्टिफिकेट घेऊन येतात, आणि विभाग म्हणतो, ‘हे आपल्या विषयात बसत नाही.’ केमिस्ट्रीच्या मुलाने काकांच्या इस्टेट एजन्सीत काढलेले 120 तास कुठे मोजायचे?

शोधायला कधी लागायचं?

मोठ्या संस्था फार आधी जागा भरतात. रिझर्व्ह बँकेचंच बघा: त्यांच्या उन्हाळी प्रशिक्षणाचे अर्ज 15 ऑक्टोबर ते 15 डिसेंबर या काळात घेतले जातात आणि काम असतं पुढच्या एप्रिलपासून. ती संधी मुख्यतः पदव्युत्तर आणि कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी आहे, पण यातून वेळेचा अंदाज येतो. मोठ्या खाजगी कंपन्यांसाठी दिवाळीनंतर लगेच अर्ज सुरू करा.

छोट्या कंपनीला डिसेंबरात फोन केलात तर समोरचा माणूस हसेल. त्यांना मे महिन्यात कोण लागणार आहे हे एप्रिलमध्ये कळतं. तिथे तीन-चार आठवडे आधी विचारणं बरोबर. आणि एप्रिल-मेमध्ये परीक्षा पुढे-मागे होतात हे धरून चाला. कंपनीला ‘1 मेपासून येतो’ असं छातीठोक सांगण्याऐवजी ‘शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारपासून’ असं सांगा.

चांगलं काम अंधेरी-बीकेसीलाच मिळतं का? ठाणे-नवी मुंबईत काय आहे?

हा प्रश्न ऐकला की मला जरा रागच येतो. ठाणे स्टेशनवरून नऊ-दहा नंबरच्या प्लॅटफॉर्मवरची ट्रान्सहार्बर (वाशी-पनवेलकडे जाणारी) गाडी पकडा आणि खिडकीतून बघत जा. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे: या सगळ्या स्टेशनांच्या पूर्वेला एमआयडीसीचा ठाणे-बेलापूर पट्टा आहे.

आयटी आणि कॉम्प्युटर सायन्सवाल्यांसाठी ऐरोलीचं माइंडस्पेस आणि महापेचं मिलेनियम बिझनेस पार्क ही नावं सगळ्यांना माहीत असतात, तशीच ठाण्यात पोखरण रोड आणि हिरानंदानी इस्टेटकडची टीसीएसची ऑफिसंही. पण मोठ्या कंपन्यांचे दरवाजे बहुधा कॉलेजमार्फतच उघडतात. त्याच पट्ट्यात डेटा सेंटर्स उभी राहिली आहेत. नेटवर्किंग, वीजपुरवठा, कूलिंग यांची माणसं तिथे लागतात आणि तिकडे इलेक्ट्रिकल-मेकॅनिकलची मुलं अर्जच करत नाहीत, कारण त्यांच्या मते डेटा सेंटर म्हणजे आयटी.

बीएस्सी केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक: रबाळे, पवणे, तुर्भे इथल्या रसायन, औषध आणि खाद्यपदार्थांच्या कारखान्यांमध्ये क्वालिटी कंट्रोलच्या प्रयोगशाळा असतात. पाण्याची, कच्च्या मालाची, तयार मालाची तपासणी तिथे रोज चालते. जीवशास्त्रात संशोधनाकडे जायचं असेल तर खारघरला टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आहे. खाडी, खारफुटी, फ्लेमिंगो यांत रस असेल तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात चौकशी करा.

कॉमर्सवाल्यांनी न्हावा शेवा बंदराचा विचार करावा. बंदर उरण तालुक्यात, पण त्याचं कागदोपत्री काम करणारे कस्टम्स ब्रोकर आणि फ्रेट फॉरवर्डर वाशी, बेलापूर, सीवूड्समध्ये बसतात. बिल ऑफ एन्ट्री, शिपिंग बिल, बिल ऑफ लेडिंग हे शब्द पुस्तकात वाचून डोक्यात जात नाहीत. अशा ऑफिसात तीन आठवडे काढले की पाठ होतात. वाशीची एपीएमसी म्हणजे कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला, धान्य असे पाच बाजार, आणि तिथल्या पेढ्यांचं हिशेबाचं काम आता बरंचसं टॅली आणि जीएसटीवर चालतं. पहाटेची वेळ झेपणार असेल तर अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला भाव कसा ठरतो हे याहून चांगलं कुठे दिसेल!

आणि वागळे इस्टेट विसरू नका. एमआयडीसीची ही सर्वांत जुनी वसाहत. रोड नंबर 16, रोड नंबर 22 अशा पत्त्यांवर इंजिनिअरिंगचे जुने कारखाने, छपाई, पॅकेजिंग, छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या सगळं शेजारी शेजारी आहे. यांतल्या बऱ्याच जणांची जाहिरात कुठल्याच संकेतस्थळावर येत नाही. म्हणून तिथे गर्दी नसते.

मोठी कंपनी घ्यावी की छोटी?

कंपनीचं नाव बाजूला ठेवा आणि मुलाखतीत दोन गोष्टी विचारा. रोज सकाळी आल्यावर मी नेमकं काय करणार? आणि माझं काम कोण तपासणार? या दोन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर कंपनी चार माणसांची असली तरी घ्या. ‘तुम्हाला सगळंच शिकायला मिळेल’ असं गोल उत्तर आलं तर समजा की कोणी ठरवलेलंच नाही.

मोठ्या नावाचा रेझ्युमेवर फायदा होतो, हे खोटं नाही. पण पुढच्या मुलाखतीत ‘तिथे काय केलंस?’ असं विचारतात आणि ‘निरीक्षण केलं’ या उत्तरावर गाडी थांबते.

स्टायपेंड किती मागावा?

साध्या इंटर्नशिपला किमान स्टायपेंड ठरवून देणारा कायदा नाही, त्यामुळे जे ठरेल ते. निदान रेल्वेचा पास, स्टेशनपासूनची शेअर रिक्षा आणि दुपारचं जेवण निघेल एवढं तरी मागाच. ‘माझा येण्या-जाण्याचा आणि जेवणाचा खर्च महिन्याला एवढा होतो, तेवढा मिळू शकेल का?’ असं आकडा सांगून विचारलं की लोक बहुधा काहीतरी देतात. नुसतं ‘स्टायपेंड आहे का?’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणं फार सोपं असतं.

बिनपगारी करू का?

ओजेटीचे 120 तास असतील आणि शिकवणारा माणूस चांगला असेल तर हरकत नाही. तीन-सहा महिने पूर्ण वेळ फुकट राबवणार असतील तर नाही. विशेषतः तुमच्या कामाचं बिल ते गिऱ्हाइकाला लावत असतील तर अजिबात नाही.

त्यांनी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले. भरू का?

नाही. रजिस्ट्रेशन फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग किट, ‘नंतर परत मिळणारी’ सुरक्षा रक्कम, नाव काहीही असो. काम देणारा पैसे देतो, घेत नाही. एकच अपवाद: काही संशोधन संस्था प्रयोगशाळेतल्या प्रशिक्षणासाठी शुल्क घेतात. ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर जाहीर केलेलं असतं, संस्थेच्या खात्यात भरायचं असतं आणि त्याची पावती मिळते. कोणाच्या तरी मोबाइल नंबरवर यूपीआय करायचं असेल तर तो हा अपवाद नव्हे.

दुसरा प्रकार जास्त वाईट. ‘घरबसल्या डेटा एंट्री इंटर्नशिप’ म्हणून फॉर्म भरायला देतात, आधी ऑनलाइन करारावर सही घेतात. काही दिवसांत ठरावीक फॉर्म, ठरावीक अचूकता, अशी अट असते. मुदत संपली की सांगतात, तुझी अचूकता कमी भरली, करार मोडलास, आता नुकसानभरपाई दे. मग व्हॉट्सॲपवर वकिलाच्या नावाने नोटीस येते, त्यावर अशोकस्तंभ छापलेला, कोर्टाचा शिक्का मारलेला. मुलं घाबरून आईच्या दागिन्यांपर्यंत जातात. अशी नोटीस आली तर एक रुपयाही देऊ नका, फोनवर वाद घालत बसू नका, सगळे स्क्रीनशॉट ठेवा आणि त्याच दिवशी घरी सांगा. पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यातही देता येते.

टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करण्याची ‘डिजिटल मार्केटिंग इंटर्नशिप’ असते तीही याच जातकुळीतली. पहिले दोनशे रुपये खरंच देतात, मग तुमच्याकडूनच पैसे मागायला लागतात.

कंपनी खरी आहे की नाही, कसं ओळखायचं?

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर नाव टाकून नोंदणी बघता येते. जीएसटी नंबर दिला असेल तर तो जीएसटीच्या पोर्टलवर टाका, पत्ता दिसतो. मग तो पत्ता प्रत्यक्ष पाहून या. ठाण्यात राहून रबाळ्याला एक चक्कर मारणं काही अवघड नाही. ऑफर लेटर जीमेलवरून आलं म्हणून कंपनी खोटीच असं नाही, वागळेतले कितीतरी जुने कारखानदार जीमेलच वापरतात. पण पत्ता सांगायला टाळाटाळ झाली की विषय संपला.

काहीच अनुभव नाही. रेझ्युमेत लिहू काय?

अनुभव नाही म्हणूनच इंटर्नशिप करताय, हे समोरच्यालाही ठाऊक आहे. एक पान पुरे. शिक्षण, येणारी सॉफ्टवेअर्स किंवा हाताळलेली उपकरणं, केलेले प्रोजेक्ट, राहण्याचं ठिकाण. शेवटचं मुद्दाम लिहा. महाप्याच्या कंपनीला कोपरखैरण्याचा मुलगा दिसला की बरं वाटतं, पावसात हा पोचेल एवढं तरी कळतं.

‘मेहनती, प्रामाणिक, टीम प्लेयर’ काढून टाका. त्याऐवजी घडलेलं लिहा: सोसायटीच्या गणेशोत्सवाचा जमाखर्च दोन वर्षं एक्सेलमध्ये ठेवला, एनएसएसच्या शिबिरात चाळीस जणांच्या जेवणाची व्यवस्था पाहिली, बाबांच्या दुकानाची जीएसटीची बिलं लावून दिली. मुलं असल्या गोष्टी लिहायला लाजतात, आणि मुलाखतीत नेमके त्यांवरच प्रश्न येतात. एक्सेल ‘येतं’ असं लिहिलंत तर व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल करून दाखवता आलं पाहिजे. समोर लॅपटॉप सरकवणारे लोक आहेत.

मेल पाठवते, उत्तरच येत नाही.

शंभर कंपन्यांना एकच मेल पाठवलेला असतो, तो वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीत कळतो. दहाच निवडा, प्रत्येकाला वेगळा लिहा. विषयाच्या ओळीत तुमचा कोर्स, किती तास आणि कधीपासून हे आलं पाहिजे. मजकूर आठ ओळींच्या आत. कॉलेजचं शिफारसपत्र आणि रेझ्युमे पीडीएफमध्ये, फाइलला स्वतःचं नाव. ‘फायनल न्यू 2’ नावाचा रेझ्युमे मी रोज बघते.

छोट्या कंपन्यांना मेलपेक्षा फोन बरा, आणि तोही मराठीत चालतो. साधारण असं बोला: ‘नमस्कार साहेब, मी ठाण्याला टीवाय बीएस्सी केमिस्ट्री करतोय. आम्हाला अभ्यासक्रमात 120 तासांचं ट्रेनिंग आहे, कॉलेजचं पत्र आहे. तुमच्या लॅबमध्ये संधी मिळेल का? टायट्रेशन, पीएच मीटर, कलरीमीटर कॉलेजात हाताळलंय. केव्हा येऊन भेटू?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. ‘मिळेल का?’वर थांबलात तर ‘कळवतो’ असं ऐकून फोन ठेवावा लागतो.

आठवड्याने एकदा आठवण करून द्या. दुसऱ्यांदा नाही.

माझं शिक्षण मराठी माध्यमात झालंय. मुलाखत इंग्रजीत असेल तर?

स्वतःची ओळख, एक प्रोजेक्ट आणि ‘इथेच का?’ ही तीन उत्तरं इंग्रजीत तयार ठेवा, पण पाठ करून घडाघडा म्हणू नका. मध्ये अडलात तर ‘हे हिंदीत किंवा मराठीत सांगू का?’ असं शांतपणे विचारा. कारखान्यांत, सीएंच्या ऑफिसांत, लॉजिस्टिक्समध्ये दिवसभराचं बोलणं मराठी-हिंदीतच चालतं. इंग्रजी मेल लिहिता येणं मात्र लागतं, तेवढं जमवा.

बाबा म्हणतात ओळखीने लावून देतो. घेऊ का?

घ्या की! ओळखीने दार उघडलं तर त्यात कमीपणा काही नाही. अडचण वेगळी आहे. ओळखीच्या ठिकाणी ‘अमक्याचा मुलगा’ म्हणून चहा मिळतो, काम मिळत नाही, आणि पाचला ‘जा बाळा घरी’ म्हणतात. पहिल्याच दिवशी त्या काकांना सांगा की मला कामाला लावा, आणि ज्यांच्या हाताखाली बसवाल त्यांना ओळख सांगू नका.

प्रवासाचं गणित कसं बसवायचं?

कॉलेजचा सवलतीचा पास घर ते कॉलेज एवढाच असतो, इंटर्नशिपसाठी बहुधा पूर्ण दराचा काढावा लागतो. कळवा, डोंबिवली, कल्याणकडच्यांनी ठाण्याला गाडी बदलण्याची वेळ धरा. सकाळी पूल चढून ट्रान्सहार्बरच्या प्लॅटफॉर्मवर पोचणं हा वेगळाच प्रवास आहे. डोंबिवलीकरांना महाप्याला शिळफाट्यावरून बसही आहे, पण त्या रस्त्यावरच्या ट्रॅफिकची हमी कोणी देत नाही. ट्रान्सहार्बरला गाड्या मेन लाइनएवढ्या नाहीत, एक चुकली की उशीर ठरलेला. म्हणून रुजू व्हायच्या आधी एकदा कामाच्याच दिवशी, कामाच्याच वेळेला जाऊन बघा. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, तेही विचारून घ्या.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना किंवा मुख्यमंत्र्यांच्या योजनेत अर्ज करू का?

या योजना सुरू झाल्या तेव्हा शिक्षण चालू असणाऱ्या बहुतेकांना त्यांचा उपयोग नव्हता. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये सुरू झाली ती 21 ते 24 वयाच्या, पूर्ण वेळ शिक्षणात किंवा नोकरीत नसलेल्यांसाठी. 12 महिने काम, महिना 5,000 रुपये आणि सुरुवातीला एकदाच 6,000 अशी रचना होती. दूरशिक्षणाने शिकणाऱ्यांना त्यात जागा होती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही 2024 मधलीच. बारावी, आयटीआय-पदविका आणि पदवी यांना अनुक्रमे 6,000, 8,000 आणि 10,000 रुपये विद्यावेतन, आणि तिथेही शिक्षण चालू असणारे बाहेर होते. अर्ज करण्याआधी दोन्हींच्या त्या वेळच्या अटी अधिकृत पोर्टलवर वाचा.

मग अप्रेंटिसशिप म्हणजे काय?

ती 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते. करार नोंदवला जातो, किमान विद्यावेतन नियमाने ठरलेलं असतं, शेवटी सरकारमान्य प्रमाणपत्र मिळतं. ताज्या पदवीधर-पदविकाधारकांनी नॅट्सच्या, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवार प्रशिक्षण योजनेच्या, पोर्टलवर नाव नोंदवावं. त्याचं पश्चिम विभागाचं कार्यालय सायनला आहे. पदवीनंतर वर्षभर हाती असेल तर साध्या इंटर्नशिपपेक्षा मी हेच सुचवते.

लॉ आणि सीएवाल्यांना हेच लागू होतं का?

नाही. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या कोर्सला किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला किमान 20 आठवडे इंटर्नशिप लागते, एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. मुंबईला हायकोर्टात धावण्याआधी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात एखाद्या दिवाणी वकिलाकडे बसा. अर्ज, पुरावे, तारखा हे सगळं तिथे रोज हाताखालून जातं. सीएची आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचं सक्तीचं प्रशिक्षण, वेगळीच; ती 2023 च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली आहे.

कामाच्या ठिकाणी कोणी त्रास दिला तर? मी तर फक्त इंटर्न आहे.

महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात कर्मचारी या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतात, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असायलाच हवी. त्याहून लहान ठिकाण असेल, किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. 120 तास पूर्ण व्हायचेत म्हणून सहन करत बसू नका. त्याच दिवशी कॉलेजला कळवा, तास दुसरीकडे भरून काढता येतात.

नुसतं बसवून ठेवतात, फोटोकॉपी काढायला लावतात. काय करू?

पहिला आठवडा असाच जातो, सोडून द्या. दुसऱ्या आठवड्यातही तेच असेल तर स्वतः एक छोटं काम शोधून मागा: ‘ही स्टॉकची यादी एक्सेलमध्ये लावून देऊ का?’ समोरच्याकडे तुमच्यासाठी काम ठरवायला वेळ नसतो, ठरवलेल्या कामाला तो क्वचित नाही म्हणतो. तरीही काही हललं नाही तर मार्गदर्शकांना सांगून जागा बदला.

सर्टिफिकेट देत नाहीत. आता?

शेवटच्या दिवसापर्यंत थांबूच नका. आठवडाभर आधी मजकूर स्वतः टाइप करून न्या: नाव, विभाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एकूण तास, केलेलं काम. लेटरहेडवर छापून सही-शिक्का मारणं एवढंच त्यांच्याकडे राहील. तासांचा आकडा नसेल तर ओजेटीला अडचण येते. रोजच्या नोंदवहीवर दर आठवड्याला सही घेत गेलात तर सर्टिफिकेट रखडलं तरी हातात पुरावा राहतो. इतकं करूनही टाळत असतील तर आम्हाला सांगा, कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र गेलं की बहुतेक वेळा सही होते.

स्टायपेंडमधून दहा टक्के कापून घेतले!

तो टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला आयकर, असेल. पॅन कार्ड दिलं होतंत ना, मग आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर ती रक्कम जमा दिसली पाहिजे. उत्पन्न करपात्र मर्यादेखाली असेल तर मुदतीत रिटर्न भरून ती परत मिळते. तिथे दिसतच नसेल तर कंपनीच्या अकाउंट्स विभागाला लेखी विचारा, कापलेले पैसे कुठे भरले म्हणून.